पांढरीखालचा खानदेश

खानदेशात जुनं काही दिसलं की त्याचा मालक ठरलेला असतो. डोंगरात कोरीव काम असेल तर पांडव, आणि गावाबाहेर टेकाड असेल तर कुठला तरी राजा, ज्याचं धन तिथं पुरलंय. त्या धनाच्या नादात रात्री-अपरात्री खड्डे घेणारे आजही आहेत. हाती खापरं लागतात आणि ती फेकून दिली जातात.

फेकलेली खापरं हीच खरी चीज. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी अशी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं जागोजाग आहेत. शेतकरी पिढ्यानपिढ्या तिथली भुरकट माती गाड्या भरून शेतात टाकत आले, कारण तिनं पीक जोर धरतं. धरणारच. चुलीची राख, शेण, हाडं, कोसळलेले कूड असं शेकडो वर्षांचं साचलेलं त्या मातीत असतं. १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळला, तर १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशाला उत्खनन केलं. (हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे.) निघालं काय, तर रंगवलेली मडकी, दगडाची बारीक धारदार पाती, थोडंसं तांबं. मुकुट नाही, सिंहासन नाही.

दुसरा गैरसमज दोन तोंडांचा आहे. जुनी पिढी म्हणते, हडप्पा-मोहेंजोदडोच्या काळात आपल्याकडे नुसतं रान होतं. नवी पिढी मोबाईलवर काहीबाही वाचून म्हणते, आपण हडप्पाचेच. दोन्ही फसवं आहे. तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावानं ओळखली जाणारी एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती इथं नांदत होती, साधारण इ. स. पूर्व २२०० ते २००० या काळात. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहून या काळाच्या सुरुवातीला तीन-चार शतकं झाली होती. सावळद्याच्या कुंभारांनी मडक्यांवर बाणाची टोकं रंगवली, गळ रंगवले, पक्षी रंगवले. रोजच्या हातातली हत्यारं भांड्यावर काढण्याची ही हौस मला कुठल्याही मुद्रेइतकीच बोलकी वाटते. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी याच लोकांची वस्ती खणली. तिथं जमिनीत उकरलेल्या खड्ड्यांवर उभारलेल्या झोपड्या मिळाल्या. पक्क्या विटा नाहीत, गटारं नाहीत, नगररचना नाही.

सिंधूकडचा संबंध आला, पण तो नंतर, आणि उतरत्या काळातल्या हडप्पा लोकांमार्फत. त्याचा ठळक पुरावा खानदेशाच्या दक्षिणेला, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला आहे. तिथं सावळदा संस्कृतीच्या थरावर उत्तर-हडप्पाचा थर बसलेला दिसतो. दायमाबादचे ते प्रसिद्ध चार भरीव ब्राँझचे पुतळे (बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा) १९७४ मध्ये शास्त्रीय उत्खननात नव्हे, झाडाचं मूळ खणताना मिळाले. म्हणून ते नेमके कोणत्या थरातले यावर अभ्यासक अजून भांडतात. ‘हडप्पाचा रथ’ असं छातीठोक लिहिणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

त्याही मागं जायचं तर पाटणेला जावं. चाळीसगावजवळच्या या गावी श. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं आणि सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. शहामृग आफ्रिकेत, आपल्याकडे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पण भारतात मिळालेल्या अशा कवचांच्या डीएनए तपासणीनं २०१७ मध्ये ती शहामृगाचीच असल्याचं दाखवून दिलं. एका तुकड्यावर तर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरली आहे. नखाएवढ्या कवचावर, दगडाच्या टोकानं. हे काम करणाऱ्याला शेती ठाऊक नव्हती, मडकं ठाऊक नव्हतं.

आता धर्माकडे. ‘आपल्यात आधीपासून जाळायचीच पद्धत, पुरलेला माणूस निघाला की तो परका.’ हे वाक्य शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतं. बहाळच्या समोर, नदीपलीकडे टेकवाड्याला ताम्रपाषाणयुगातली दफनं मिळाली आहेत. सावळद्यानंतरच्या जोर्वे संस्कृतीचे लोक लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरताना पावलं तोडलेली आढळतात. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. ऋग्वेदात दहन आणि दफन दोन्ही येतात. आजही लिंगायत आणि गोसावी समाजात मूठमाती आहे, तान्ह्या बाळाला तर जवळपास सगळेच पुरतात.

लेण्यांचं काय? पांडवांनी एका रात्रीत कोरली, ही गोष्ट मुलांना सांगायला छानच आहे. पण पाटणादेवीच्या डोंगरापलीकडचं पितळखोरं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनचं बौद्ध लेणं आहे आणि ते कोणी घडवलं हे तिथल्या दगडांवर लिहिलेलं आहे. पैठणचा गंधी मितदेव, राजवैद्य मगिल, अशी दात्यांची नावं ब्राह्मी लिपीत आहेत. तिथं मिळालेल्या हसऱ्या, ढेरपोट्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनारानं आपलं नाव कोरलंय. यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सगळी लेणी राजांनी खोदवली, हाही समज मग इथंच गळतो.

आणखी एक, ओघात. अजिंठा जळगाव जिल्ह्यात नाही, लोक जळगाव स्टेशनावर उतरतात इतकंच. आणि १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथनं तो ‘शोधला’ म्हणतात, म्हणजे दहाव्या लेण्यात २८ एप्रिल ही तारीख टाकून आपलं नाव खरडून ठेवलं. आसपासच्या भिल्लांना लेणी ठाऊकच होती.

शेवटी भास्कराचार्य, ज्यांच्यावर खानदेशाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गोंधळलेला हक्क आहे. ‘न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण’ हे भाषणात टाळी घेणारं वाक्य. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे आणि ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असं त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात म्हटलंय, हे खरं. पण चंद्र आणि पडतं फळ एकाच सूत्रात बांधणारा, अंतराच्या वर्गाचा हिशेब देणारा नियम तिथं नाही. उसना मोठेपणा हवाच कशाला? त्यांचं खरं काम पाहा: ६१ ला एका वर्गानं गुणून १ मिळवला तर पूर्ण वर्ग कधी येईल? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीनं त्यांनी हे काढलं. फ्रान्सच्या फर्मानं हेच ६१ चं कोडं १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांपुढे आव्हान म्हणून टाकलं.

‘लीलावती’ ही त्यांची विधवा मुलगी, ही कथाही त्यांच्या त्याच नावाच्या गणितग्रंथात नाही. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. आणि जन्म चाळीसगावजवळच्या पाटणचाच, असंही पाटणचा शिलालेख म्हणत नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेला हा लेख सांगतो ते एवढंच की त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला इ. स. १२०७ च्या सुमारास दान दिलं. श्लोक संस्कृतात आहेत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, कारण त्यात मठाला कोणी काय द्यायचं ते ठरवलंय. बाजारातल्या विक्रीतून वाटा, आणि तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.