सूर्या बोनाली: बंदी असलेली उडी तिने ऑलिम्पिकमध्येच का मारली?

फेब्रुवारी १९९८. जपानमधल्या नागानो इथे हिवाळी ऑलिम्पिक सुरू होतं. महिला फिगर स्केटिंगच्या अंतिम फेरीत फ्रान्सची २४ वर्षांची सूर्या बोनाली बर्फावर उतरली, तेव्हा ती सहावी होती. टाचेमागचा अकिलिस स्नायुबंध १९९६ मध्ये तुटला होता आणि पाय अजून पूर्ण साथ देत नव्हता. पदक हातातून गेलंय, हे तिला कळलं होतं. मग तिने हवेत मागे उलटी कोलांटी मारली, म्हणजेच बॅकफ्लिप. आणि ती उतरली चक्क एका पायावर!

प्रेक्षक ओरडले. परीक्षकांनी गुण कापले. ती दहावी आली.

बंदी का होती?

१९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने बॅकफ्लिप मारली आणि त्यानंतर लगेच तिच्यावर बंदी आली. एक कारण होतं धोका: खाली कडक बर्फ, पायात धारदार पाती. दुसरा आक्षेप असा की, स्केटिंगमधल्या उड्या एका पायावर उतरतात, ही दोन पायांवर. बोनालीने निदान हा दुसरा आक्षेप तरी निकालात काढला.

पण तिचा राग एका दिवसाचा नव्हता. नीस शहरात १९७३ मध्ये जन्मलेल्या या मुलीला दत्तक आईवडिलांनी 'सूर्या' हे नाव दिलं. हो, संस्कृतमधलाच सूर्य. जिम्नॅस्टिक्समधून आलेली ही मुलगी सलग पाच वेळा युरोपियन विजेती ठरली (१९९१ ते १९९५). जागतिक स्पर्धेत मात्र तीन वर्षं लागोपाठ रौप्यच. १९९४ मध्ये, तेही जपानमध्येच, नऊपैकी पाच परीक्षकांनी युका सातोला वर ठेवलं. बोनालीने पोडियमवर चढायला नकार दिला, नंतर गळ्यातलं पदक काढलं. ती रडत होती.

तेव्हा तांत्रिक गुणांसोबत कलात्मकतेचेही गुण असत आणि तिथे परीक्षकाची आवड चालायची. तिच्या उड्यांना दाद मिळायची, पण 'नजाकत नाही' हा शेरा पाठ सोडत नव्हता. यात वर्णभेद होता का? गुणपत्रिकेतून ते सिद्ध करता येत नाही. पण जवळपास सगळ्या गोऱ्या आणि आशियाई खेळाडूंमध्ये ती कृष्णवर्णीय होती, हे विसरून तो शेरा वाचताही येत नाही.

नागानोनंतर ती व्यावसायिक शोकडे वळली. तिथे बॅकफ्लिपला बंदी नव्हती.

२०२४ च्या युरोपियन स्पर्धेत फ्रान्सच्याच अदाम सियाओ हिम फा याने गुण कापले जाणार हे माहीत असूनही बॅकफ्लिप मारली, आणि तरीही सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने बंदी उठवली. नागानोच्या निकालात बोनाली आजही दहावीच आहे.