पनवेल बंदरांतील एक दिवस : तिथि, भरती व जुन्या कागदांतील वेळ

खाडीच्या बंदरीं उतरलेला प्रवासी तेथें किती वेळ राही, हें त्याच्या इच्छेवर थोडें व पाण्यावर फार अवलंबून असे. जुन्या कागदांच्या याद्या करतांना शक, सुहूर सन, मास व तिथि यांची नोंद आपण काळजीनें घेतों. परंतु "दोन प्रहरीं", "चार घटका रात्रीं" यांसारखे शब्द किरकोळ समजून सारांशांतून गाळले जातात. बंदराशीं संबंध असलेल्या कागदांपुरतें तरी हें गाळणें नुकसानीचें आहे. तिथि व प्रहर हीं दोन एकत्र असलीं म्हणजे त्या कागदाची परीक्षा चंद्राकडून करून घेतां येते. ती कशी, हें पनवेल बंदराच्या उदाहरणानें सांगण्याचें योजिलें आहे.

१. बंदराचें स्थान

पनवेल गाढी नदीच्या कांठीं वसलें आहे. ही नदी माथेरानच्या डोंगरांतून येऊन पनवेलच्या खाडीस मिळते, व ती खाडी मुंबईच्या बंदराच्या पाण्याशीं जोडलेली आहे. एका बाजूस मुंबईचें पाणी आणि दुसऱ्या बाजूस बोरघाटाची वाट, अशा सांध्यावर हें गांव असल्यामुळें देशावरून उतरणारा माल येथें बैलाच्या पाठीवरून मचव्यांत जाई, आणि मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य येथें मचवा सोडून पालखींत अगर घोड्यावर बसे. १७७८ च्या नोव्हेंबरांत रघुनाथरावाचा पक्ष घेऊन निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज याच बाजूनें घाटाकडे वळली. तिचा शेवट १७७९ च्या जानेवारींत वडगांवच्या तहांत झाला. मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई १८०९ च्या डिसेंबरांत कार्ल्याचीं लेणीं व पुणें पाहण्यास निघाली, तीही पनवेलवरूनच. तिचें प्रवासवृत्त १८१२ मध्यें छापून निघालें.

१८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां बंदराचें महत्त्व वाढलें. पनवेलच्या गाड्यांच्या चाकांस नांव होतें, तें या रहदारीमुळेंच. १८५२ मध्यें येथें नगरपालिका स्थापन झाली. पुढें १८६३ मध्यें आगगाडीनें बोरघाट ओलांडला आणि पुण्याचा माल कर्जतच्या वाटेनें थेट मुंबईस जाऊं लागला. तेथून बंदराची उतरती कळा सुरू झाली. १९७३ मध्यें ठाण्याच्या खाडीवर वाशीजवळ पूल झाल्यावर मुंबईहून येणाऱ्यास जलमार्गाची गरज उरली नाहीं.

२. भरतीचें गणित

अमरकोशाच्या नानार्थवर्गांत "वेला" या शब्दाचे अर्थ समुद्राच्या पाण्याचा विकार, काळ व मर्यादा असे तीन दिले आहेत. मराठींतील "वेळ" त्याच शब्दापासून आला. खाडीच्या गांवीं हे तीन अर्थ वेगळे करतां येत नाहींत. तेथें पाणी हेंच घड्याळ आणि पाणी हीच मर्यादा.

कोंकणच्या किनाऱ्यावर एक हिशोब सर्वांस ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां भरती पूर्ण होते. शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांस हा हिशोब सारखाच लागू आहे, आणि दुसरी भरती सुमारें साडेबारा तासांनीं येते. मात्र पाऊण तासाचें माप किंचित् तोकडें आहे. पंधरा तिथींस तें सव्वाअकरा तास देतें. वस्तुतः पौर्णिमेची भरती अमावास्येप्रमाणेंच मध्याह्न व मध्यरात्र यांच्या सुमारास येते, म्हणून बेरीज बारा तास झाली पाहिजे. आपलें जुनें माप येथें अधिक नेमकें ठरतें. अहोरात्राच्या घटका साठ व मासाच्या तिथि तीस. म्हणून दर तिथीस भरती दोन घटकांनीं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांनीं, मागें पडते. पंधरा तिथींच्या तीस घटका, व तीस घटका म्हणजे बरोबर बारा तास.

या हिशोबास चार मर्यादा आहेत. पहिली, तिथि स्वतःच सम नसते. "बाणवृद्धि रसक्षय" या न्यायानें ती पांच घटका वाढते किंवा सहा घटका घटते. दुसरी, उधाणाच्या दिवसांत भरती रोज दोन घटकांहून कमी मागें पडते व भांगाच्या दिवसांत अधिक. तिसरी, मुंबईहून आंत खाडींत पाणी चढण्यास कांहीं अवकाश लागतो. चौथी, आजचीं भरतीचीं कोष्टकें भारतीय प्रमाणवेळेंत असतात. मुंबईचा स्थानिक सूर्यकाळ तिच्या सुमारें ३९ मिनिटें मागें आहे, आणि जुना लेखक सूर्याकडे पाहून वेळ लिहीत असे. हें सर्व ध्यानांत घेतां, हा नियम घटका सांगत नाहीं, प्रहर सांगतो, असें समजावें. आपल्या कामास प्रहर पुरेसा आहे.

३. दोन भरत्यांमधील दिवस

खाडीच्या शेवटच्या टोंकास भरलेला मचवा भरतीवरच येतो. पाणी ओसरलें म्हणजे कांठाशीं चिखल उघडा पडतो, व निघण्यास पुढील भरतीची वाट पाहावी लागते. म्हणजे बंदरांत उतरणाऱ्याचा "एक दिवस" हा सूर्याचा दिवस नसून दोन भरत्यांमधील साडेबारा तासांचा अवकाश होय. हा अवकाश दिवसा पडेल कीं रात्रीं, हें तिथि ठरविते. पौर्णिमेस अगर अमावास्येस दुपारीं उतरलेल्यास मध्यरात्रीं निघतां येई. अर्धा दिवस व अर्धी रात्र त्याच्या वांट्यास येत असे. अष्टमीस पहांटे उतरलेल्यास संध्याकाळपर्यंत सारा उजेड मिळे. परंतु त्या दिवसांत भांग असतो. मुंबईस उधाणाच्या वेळीं पाण्याची चढउतार सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक, तर भांगाच्या वेळीं दीड मीटरांच्या आसपास असते. तेव्हां अष्टमीचा प्रवासी हलक्या होडींतून येऊं शकला, तरी जड मालाचें गलबत बाहेर थांबणें संभवतें. व्यापारी कागदांत माल पोंचण्याच्या तारखा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गोळा झालेल्या आढळल्यास, त्याचें कारण सणवारांत न शोधतां प्रथम पाण्यांत शोधावें.

याला वाऱ्याची जोड द्यावी. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. म्हणून आंत येण्यास दुपारची भरती व बाहेर पडण्यास पहांटेची ओहोटी सोयीची. पावसाळ्यांत जलप्रवास बंद पडे, तो नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई. शिवाय मुंबईच्या पाण्यांत हिवाळ्यामध्यें रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून मोठी असते. मार्गशीर्ष-पौषांतील एखादें भरलेलें गलबत मध्यरात्रीं सुटल्याचा उल्लेख आला, तर त्यांत लपूनछपून जाण्याचा हेतु कल्पिण्याची घाई करूं नये.

४. कागदांवर प्रयोग

पेशवाईंतील पुष्कळ कागदांवर तिथीऐवजीं "छ" हें अक्षर व पुढें मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. तो चंद्र दर्शनापासून मोजला जातो, आणि दर्शन बहुधा शुक्ल द्वितीयेच्या सुमारास होतें. म्हणून "छ"च्या अंकांत एक मिळवला असतां स्थूलमानानें तिथि मिळते. बेरीज पंधरांहून अधिक झाल्यास त्यांतून पंधरा वजा करावे, म्हणजे वद्य पक्षाची तिथि येते. हा चंद्र सायंकाळीं बदलतो, त्यामुळें एका दिवसाची चूक संभवते. पण एका दिवसाची चूक म्हणजे दोनच घटका, ती प्रहराच्या आंत सामावते.

समजा, एखाद्या पत्रांत छ १४ रोजीं दोन प्रहरीं मचवा पनवेलीस लागला असें आहे. चौदांत एक मिळवून पौर्णिमा येते, व मध्याह्नीं भरती असते. विधान पाण्याशीं जुळतें. आतां समजा, तेंच विधान छ ७ च्या पत्रांत आहे. तिथि अष्टमी, भरती सकाळीं व सायंकाळीं सहाच्या पुढें, आणि दुपारीं नेमकी ओहोटी. येथें तीन शक्यता राहतात: ती तारीख पोंचण्याची नसून पत्र लिहिण्याची आहे, किंवा मचवा बाहेर थांबून माणसें चिखलांतून आलीं, किंवा नकलकारानें अंक चुकविला. यांपैकीं कोणती खरी, हें पाणी सांगत नाहीं. परंतु प्रश्न विचारला पाहिजे, हें तें सांगतें. प्रहराचा शब्द यादींतून गाळला असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

५. प्रत्यक्ष पाहणी

प्रस्तुत लेखक खांदा वसाहतींत राहतो. या वसाहतींत खांदेश्वराचें देऊळ व तळें आहे, आणि जुनें पनवेल येथून जवळच आहे. संशोधकानें येथें एक दिवस द्यावा. पौर्णिमा अगर अमावास्या निवडावी, म्हणजे सकाळीं सहाच्या सुमारास ओहोटी व दुपारीं भरती अशीं दोन्ही रूपें उजेडांत दिसतात. प्रथम कोळीवाड्याकडील खाडीचा कांठ पाहावा. तेथून बंदर रस्त्यानें बाजारांत चालत यावें. पाण्यापासून पेठेपर्यंतचें अंतर पायांनीं मोजलें म्हणजे हमाली व जकात यांच्या हिशोबांस अर्थ येतो. पुढें वडाळे तळें, बल्लाळेश्वराचें देऊळ व बेने इस्रायल समाजाचें बेथ एल प्रार्थनामंदिर पाहावें. बंदराच्या गांवीं किती प्रकारचे लोक स्थिरावले, हें तेथें कळतें. वैद्यकाच्या पोथ्यांचा संग्रह करणारांस कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ मध्यें येथेंच धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला, हेंही ठाऊक असावें. दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका दिसतो. घाट व खाडी या दोहोंवर नजर ठेवणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६७० मध्यें घेतला होता.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आज खाडींत दिसणारा पाण्याचा वेग जुन्या काळास लावूं नये. उलवें बाजूस विमानतळासाठीं मोठा भराव पडला, उलवें नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. खाडीची रुंदी व खोली बदलली म्हणजे आंतील भरतीची वेळही थोडी बदलते. मुंबईच्या पाण्याचा तिथीशीं असलेला मेळ मात्र चंद्रावर अवलंबून असल्यामुळें कायम आहे. म्हणून गणित मुंबईचें घ्यावें व पनवेलीस थोडा उशीर धरावा.

६. विनंति

ज्यांच्या संग्रहीं पनवेल, पेण, कल्याण, महाड, चिपळूण, राजापूर अशा खाडीकांठच्या गांवांचे कागद असतील, त्यांनीं यादी करतांना तिथीसमोर प्रहर व घटका यांचा एक रकाना ठेवावा. "भरती", "सुकती", "उधाण", "भांग" हे शब्द आढळतील तेथें ते मूळ लेखनासह उतरून घ्यावेत. गांवांचे कांठ भरले गेले, धक्के नाहींसे झाले. ते कोठें होते, हें सांगणारे साक्षीदार आतां बहुतांशीं हेच शब्द आहेत. कागद जीर्ण होतील तेव्हां मागें आपली यादीच उरेल, आणि यादींत जें नसेल तें पुढील अभ्यासकास कधींच मिळणार नाहीं.