उजेडावाचून सापडणारे तपकिरी बटू

तपकिरी बटू म्हणजे धड ताराही नव्हे आणि धड ग्रहही नव्हे. त्याचे वस्तुमान गुरूच्या साधारण 13 ते 80 पट असते. एवढ्या वजनाला गाभ्यातले हायड्रोजनचे ज्वलन टिकत नाही, त्यामुळे जन्मतः मिळालेली ऊब गमावत तो निवत जातो. असा विझता गोल शोधणे कर्मकठीण. शिव कुमार यांनी 1960च्या दशकात त्याचे गणित मांडले, पण निर्विवाद पुरावा मिळायला 1995 साल उजाडले. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी ग्लिझ 229 या लहान तांबड्या ताऱ्याचा झगमगाट झाकून शेजारचा फिकट ठिपका टिपल्याचे त्या वर्षी जाहीर केले. त्याच्या वर्णपटात मिथेन निघाला. ताऱ्याच्या उष्ण वातावरणात मिथेन तग धरत नाही, त्यामुळे वाद मिटला. (हा ठिपका एक नसून दोन बटूंची जोडी असल्याचे 2024मध्ये कळले!)

ग्लिझ 229 मात्र जेमतेम 19 प्रकाशवर्षांवर आहे. हजारो प्रकाशवर्षांपलीकडे ही युक्ती चालत नाही. तिथे कामी येते गुरुत्वीय सूक्ष्मभिंग.

दूरच्या ताऱ्याच्या जवळपास नेमका आड दुसरा तारा आला, की पुढच्याचे गुरुत्वाकर्षण मागच्याचा प्रकाश वळवून एकवटते. मागचा तारा काही आठवडे उजळतो आणि पूर्ववत होतो. पुढचा दिसला नाही तरी बिघडत नाही. इथे प्रश्न वजनाचा आहे, उजेडाचा नाही. असे दृश्य दिसण्याची फारशी आशा नाही, असे आइन्स्टाइन यांनी 1936मध्ये लिहिले होते. एकेक तारा न्याहाळत बसले तर ते खरेच. बोहदान पाचिन्स्की यांनी 1986मध्ये लाखो ताऱ्यांवर एकदम पाळत ठेवण्याचा मार्ग सुचवला आणि 1993मध्ये पहिल्या घटना हाती लागल्या.

भिंग होणारा तारा एकटा असेल तर प्रकाशाचा आलेख गुळगुळीत टेकाडासारखा येतो. जोडीदार असेल तर त्यावर तीक्ष्ण सुळके उमटतात, कधी काही तासांपुरतेच. त्यांच्या आकारावरून दोघांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर निघते. सूर्याच्या तीन दशांश वजनाच्या ताऱ्याशी ते एक दशांश भरले, तर जोडीदार गुरूच्या तीसेक पट, म्हणजे तपकिरी बटू. खरी मेख इथेच आहे: गुणोत्तर म्हणजे वजन नव्हे. ताऱ्याचे वजन ठरवायला पृथ्वीच्या भ्रमणामुळे आलेखात पडणारा बारीक फरकही मोजावा लागतो, आणि तो दर वेळी सापडतोच असे नाही.

शिवाय तेच दोन तारे पुन्हा तसे एका रेषेत येत नाहीत. म्हणून कोरियाच्या केएमटीनेट प्रकल्पाने चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात 1.6 मीटरच्या तीन दुर्बिणी उभारल्या आहेत. एकीकडे उजाडले की पाळत दुसरीकडून चालू राहते.