राखीव प्रत

इ. स. १९९८ मधील गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू होते. हा चित्रपट कुंचल्याने रंगविलेला नव्हता. त्यातील वुडी नावाचा खेळण्यातला गुराखी, त्याची टोपी, त्याचे बूट हे सारे संगणकातील असंख्य फाइलींच्या रूपाने साठविलेले होते. एके दिवशी ओरेन जेकब हे तंत्रज्ञ पडद्याकडे पाहत असता वुडीची टोपी नाहीशी झाली. पाठोपाठ बूट गेले. थोड्याच वेळात वुडीही दिसेनासा झाला! फाइली पुसण्याची आज्ञा कोणाकडून तरी भलत्याच ठिकाणी दिली गेली होती, आणि संगणक ती निमूटपणे पाळीत होता. धावपळ करून यंत्र बंद करण्यात आले. परंतु तोवर चित्रपटाचा सुमारे नऊ-दशांश भाग पुसला गेला होता.

तरीही मंडळींनी धीर सोडला नाही. मूळ सामग्रीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, चुंबकीय फितींवर उतरवून ठेवण्याची तेथे व्यवस्था होती. फितींवरून फाइली परत आणल्या गेल्या, काम सुरू झाले, आणि काही दिवसांनी ध्यानी आले की त्या प्रतीच सदोष आहेत. सुमारे महिनाभर फितींवर सामग्री नीट उतरतच नव्हती. बिघाडाची सूचना कोणापर्यंत पोहोचली नव्हती, आणि एखादी प्रत उघडून पाहण्याचे कोणास सुचले नव्हते.

गॅलिन सुसमन या तेथील तांत्रिक विभागाच्या एक प्रमुख होत्या. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करीत, आणि त्यासाठी चित्रपटाची प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर ठेविलेली होती. ती थोडी जुनी होती, पण शाबूत होती. सुसमन व जेकब मोटारीने घरी गेले. तान्ह्या मुलाला जपावे तसा तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, पट्ट्याने बांधून, त्यांनी हळूहळू कचेरीत आणला. पुढे कथानक बरेचसे बदलले गेले, तो भाग निराळा. चित्रपट नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शित झाला. मात्र घरची ती प्रत संकटाचा विचार करून ठेविलेली नव्हती. ती केवळ एका आईची सोय होती, हे विसरून चालणार नाही.

वाळवी लागलेल्या पोथीची चार पाने तरी हाती येतात. संगणकातील लेखन बहुधा समूळ जाते. पुष्कळ संगणकांत माहिती फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणांनी लिहिलेली असते. ही तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि खुणा वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असते. धक्का बसून ते टोक घासले, तर वर्षांची मेहनत क्षणात खरवडली जाते. चोरी, पाणी आणि घाईने दाबलेले बटण ही कारणे आणखी वेगळीच.

मोबाइलमधील छायाचित्रे इंटरनेटवरील साठ्यात आपोआप जातात, तेव्हा काळजी मिटली, असे अनेकांना वाटते. परंतु पुष्कळदा ही व्यवस्था आरशासारखी असते. मोबाइलमधील छायाचित्र पुसले की साठ्यातीलही पुसले जाते. फार तर काही दिवसांची मुदत मिळते. आरशातील प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे. खरी प्रत मूळ वस्तू नष्ट झाल्यावरही स्वतंत्रपणे टिकते.

यासाठी जाणकारांनी एक सोपे गणित बांधले आहे : तीन, दोन, एक. मूळ धरून तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, उदाहरणार्थ संगणकात आणि बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवर. आणि एक प्रत दूर, दुसऱ्या ठिकाणी असावी. यांतील शेवटची अट लोकांना सर्वांत जाचक वाटते, आणि तीच प्रथम मोडली जाते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका मोठ्या संगणक-केंद्राला आग लागून एक इमारत संपूर्ण जळाली. ज्यांची मूळ सामग्री व राखीव प्रत दोन्ही तेथेच होती, त्यांचे दोन्ही गेले. ज्यांची प्रत दुसऱ्या गावी होती, ते काही काळाने पुन्हा कामास लागले.

प्रत ठेविल्यावर ती अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी लागते. छायाचित्र पूर्ण दिसते काय, निबंधाचे शेवटचे पान उघडते काय, एवढेच पाहावयाचे असते. पिक्सारच्या फितींच्या बाबतीत नेमके तेवढेच राहून गेले होते.