दोन नजरांतला फरक

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा सुईच्या अलीकडून तरी जातो, नाहीतर पलीकडून तरी! आमच्या घरी हा प्रयोग सर्वांनी करून पाहिला आणि सर्वांची सारखीच फजिती झाली.

आपले दोन डोळे सुमारे सहा सेंटिमीटरांच्या अंतरावरून जग पाहतात. म्हणून त्यांना दिसणारी चित्रे किंचित निराळी असतात. जवळची वस्तू दोन चित्रांत अधिक सरकलेली दिसते, दूरची कमी. या फरकावरून मन अंतर ताडते, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवून दिले. आम्ही साहित्याची माणसे मतभेदांना कंटाळतो खरे. पण इथे दोन नजरांतला भेद मिटला, तर जगच सपाट व्हायचे!

मग यंत्राला शेजारी शेजारी दोन कॅमेरे दिले की झाले, असे कुणालाही वाटेल. भूमिती सोपीच आहे: सरकणे निम्मे, तर अंतर दुप्पट. खरी अडचण निराळी. डाव्या चित्रातला ठिपका उजव्या चित्रात नेमका कोणता, हे ओळखायचे कसे? कोऱ्या भिंतीवर सगळेच ठिपके सारखे! जुन्या पद्धती चित्रांचे लहान लहान तुकडे ताडून पाहत आणि अशा जागी हमखास फसत.

२०१५ साली यूरे झ्बोंतार आणि यान लेकुन यांनी ही पारख ‘न्यूरल नेटवर्क’ नावाच्या गणिती जाळ्यावर सोपवली. जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे मोटारीवर दोन कॅमेरे आणि लेसरने अंतर मोजणारे यंत्र बसवून टिपलेली रस्त्यांची चित्रे तयारच होती. लेसरची मापे म्हणजे जणू गणिताच्या पुस्तकामागची उत्तरे. ‘हे जुळते, हे जुळत नाही’ असे दाखवीत जायचे आणि चूक झाली की जाळ्यातले आकडे किंचित बदलायचे, झाली शिकवणी! २०१७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी उत्तरांवाचूनही भागवले. त्यांचे जाळे अंतराचा अंदाज बांधून एका चित्रावरून दुसरे रचते, आणि खऱ्याशी ताडून स्वतःच सुधारते.

पण दूरच्या वस्तूबाबत जुळणीतली तेवढीच चूक फार महागात पडते. अंतर दुप्पट झाले की अंदाजातली चूक चौपट होते. रस्ता ओलांडणारे मूल किती दूर आहे, हा प्रश्न मोटारीपुढे असेल तेव्हा ही चौपट चूक निव्वळ गणितातली राहत नाही. म्हणून अंतर सांगणाऱ्या यंत्राने आपली खात्री किती, हेही सांगावे. ‘नक्की दिसत नाही’ असे म्हणून वेग कमी करणारी मोटार मला अधिक शहाणी वाटते.