इंजिनाची तहान आणि तेलाची वाट

इंजिनाची शक्ती वाढवावयाची म्हटले की लोकांचे लक्ष इंजेक्टर आणि टर्बो यांकडे जाते. टाकीतून तेल आणणारी साधी नळी कोणाच्या खिजगणतीतही नसते. परंतु या नळीची उपेक्षा किती महागात पडते, हे एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेत डॉज कंपनीच्या 'रॅम' या मालवाहू गाडीला १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत कमिन्सचे ५.९ लिटरचे, चोवीस व्हॉल्व्हचे डिझेल इंजिन आणि त्यावर बॉशचा 'व्हीपी-४४' इंजेक्शन पंप बसवीत असत. इंजिन मोठे दणकट. पण हे पंप पुष्कळदा अकाली निकामी होत. असे का व्हावे?

इंजेक्शन पंपाचे काम तेल मोजून मोठ्या दाबाने इंजेक्टरकडे पाठविण्याचे. या पंपाला वेगळे वंगण नसते. जे डिझेल जळावयाचे, तेच त्याचे वंगण आणि तेच त्याला थंड ठेवणारे. म्हणजे जळेल तेवढेच तेल पोचून भागत नाही. पंपाची उष्णता घेऊन टाकीकडे परतणारे जादा तेलही यावे लागते.

आता हिशेब करा. डिझेल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे १६५ ग्रॅम तेल लागते. २४० अश्वशक्तीला झाले ४० किलो. हौशी मालकाने तीच शक्ती ५०० वर नेली, की ८२ किलो. मागणी दुपटीवर गेली, नळी मात्र तीच! प्रवाह दुप्पट झाला की नळीत वाया जाणारा दाब दुप्पट नव्हे, तर तिप्पट-चौपट होतो.

दुसरी अडचण पंपाच्या जागेची. टाकी मागे आणि तेल आणणारा विजेचा फीड पंप पुढे, इंजिनाला जोडलेला. पंप तेल 'ओढतो' असे आपण म्हणतो; वस्तुतः टाकीतील तेलावरचा हवेचा दाब ते ढकलतो, आणि तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच असतो. विहिरीचे पाणी खोल गेले की शेतकरी पंप खाली उतरवितो, तो याच कारणासाठी. ढकलणे हवे तेवढे वाढविता येते, ओढणे नाही.

म्हणून जाणत्या मालकांनी तीन गोष्टी केल्या. फीड पंप टाकीजवळ, खालच्या बाजूस बसविला. नळी रुंद केली. ३/८ इंच व्यासाऐवजी १/२ इंच घेतला, तर तेवढ्याच प्रवाहात वाया जाणारा दाब सुमारे चौथ्या हिश्शावर येतो. आणि सांध्यांवरचे अरुंद भोकांचे बॅन्जो बोल्ट बदलले. कारण सबंध वाट रुंद करून एकच दार चिंचोळे ठेवले, तर गर्दी त्या दारापाशीच होणार. पुढे २००५ च्या मॉडेलपासून कंपनीनेही फीड पंप टाकीतच ठेवला.

या सर्वांच्या आधी करावयाची गोष्ट मात्र स्वस्त आहे: इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी दाबमापक बसविणे. या इंजिनाचे जाणकार भार असतानाही दर चौरस इंचाला १० पौंडांपेक्षा दाब खाली जाऊ देत नाहीत. गाडी रिकामी उभी असताना काटा ठीकच दिसतो. खरी परीक्षा चढावर, पूर्ण भारात. तेल कमी पडत असले तरी इंजिन बराच काळ तक्रार न करता चालते, आणि आत पंप झिजत राहतो. फिल्टर तुंबला वा ओढीच्या बाजूच्या सांध्यातून हवा शिरली, तरी परिणाम तोच.

आजच्या कॉमन-रेल इंजिनांतही बहुतेक उच्च दाबाच्या पंपांना डिझेलचेच वंगण असते. तो पंप झिजला की धातूचा कीस इंजेक्टरांपर्यंत जातो आणि एका पंपाचा खर्च सबंध तेलव्यवस्थेचा होऊन बसतो.

रुंद नळीने शक्ती वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. वाढविलेली शक्ती पेलण्याची सोय तेवढी ती करते. म्हणून कोणी गाडीची शक्ती वाढवून देतो म्हणाला, तर आधी एवढेच विचारावे, "तेलाच्या वाटेचे काय?"