झाडणारी मुलगी आणि सुटे रंग

कामिय पिसारो याचे १८८२ सालचे 'खेड्यातली लहान मोलकरीण' हे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. जेवणाच्या खोलीत एक मुलगी मान खाली घालून झाडते आहे. उजवीकडे टेबलापाशी एक लहान मूल बसले आहे. विषय एवढाच, पण तो कसा रंगवला, हे समजून घेण्याजोगे आहे.

युरोपातील प्रस्थापित चित्रशाळांची रीत ठरलेली होती. रंग घोटून गुळगुळीत करायचा, सावल्या तपकिरी ठेवायच्या आणि उजेड मुख्य व्यक्तीवर पाडायचा. नोकर चित्रात असलाच तर बहुधा कोपऱ्यातल्या अंधारात. पिसारोने रंग घोटला नाही. त्याने लहान लहान फटकारे शेजारी शेजारी सुटे ठेवले. हेच खंडित रंगलेपन. निळ्याशेजारी नारिंगी, तांबड्याशेजारी हिरवा असे विरोधी रंग आले की दोन्ही अधिक उठतात, हे शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले होते. या पद्धतीत सावली काळी राहत नाही. तिच्यात निळा, जांभळा आणि भिंतीवरून परतलेला रंग दिसू लागतो. कोपराही उजेडात येतो.

मात्र यात एक धोका आहे. भिंत, खुर्ची आणि माणूस यांना एकच फटकारा मिळाला, की माणूसही सामानापैकी एक होऊ शकतो. एदुआर व्हुइयार याच्या १८९३ सालच्या आई-बहिणीच्या चित्रात बहिणीचा चौकड्यांचा झगा भिंतीवरच्या नक्षीत जणू बुडतो. तिथे घुसमट दाखवायची होती, म्हणून ते योग्यच.

मग माणूस टिकतो कशाने? उजळ-गडदपणाने आणि कडांनी. डोळे किलकिले करून पाहावे: रंग कितीही सुटे असोत, आकृतीचे वजन एकसंध जाणवले पाहिजे. कड काही ठिकाणी विरू द्यावी; पण खांदा, हात, झाडूची पकड, म्हणजे जिथे श्रम आहे तिथे ती सुटू देऊ नये.

पिसारोची पत्नी ज्युली व्हेले ही त्याच्या आईच्या घरी मोलकरीण होती. घरच्यांचा विरोध असताना त्यांनी १८७१ साली लग्न केले. मोलकरीण त्याला परकी नव्हती. म्हणूनच या चित्रात दयेचा सूर नाही. मुलगी आपल्याकडे पाहत नाही. ती तिचे काम करते आहे. खोलीतला उजेड जितका टेबलाशी बसलेल्या मुलाचा, तितकाच तिचाही आहे.